काळीज किती तास थांबतं?

प्रश्न : मी मंगळवेढ्यात राहते, बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. परवा टीव्हीवर बातमी लागली होती. रस्ता मोकळा करून एका माणसाचं हृदय दुसऱ्या दवाखान्यात नेत होते, आणि पेटीत बर्फ होता. आजोबा म्हणाले, ‘‘काळीज बर्फात ठिवल्यावर गोठंल की! मग ते चालतंय कसं?’’ मला उत्तर देता आलं नाही. शरीराबाहेर काढलेला अवयव किती वेळ जिवंत राहतो? तो टिकवतात कसा? आमच्यासारख्या तालुक्याच्या गावातून असं दान होऊ शकतं का? शेजारच्या मावशी म्हणतात, देह अपुरा जातो. आणि माझी आजी ८२ वर्षांची आहे, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं आहे. ती म्हणते, माझं काय घेणार आता?

— एक वाचक, मंगळवेढा

उत्तर : आजोबांची शंका अगदी मुळावर बोट ठेवणारी आहे. अवयव गोठला तर तो वायाच जातो, आणि म्हणूनच तो गोठू नये याची जिवापाड काळजी घेतली जाते. पेटीत बर्फ असतो, पण अवयव त्याला टेकलेला नसतो. आधी तो एका निर्जंतुक पिशवीत, थंड द्रावणात बुडवून ठेवतात. ती पिशवी दुसरीत, दुसरी तिसरीत, आणि मग ही तिहेरी पुरचुंडी बर्फाच्या पेटीत जाते. आत तापमान साधारण ४ अंशांच्या आसपास राहतं. पाणी ज्या अंशाला गोठतं, त्याच्या जरा वर.

थंडीने काय होतं? अवयव शरीराबाहेर आला म्हणून लगेच मरत नाही. त्याच्या पेशी जिवंत असतात आणि त्यांना भूक लागलेली असते. रक्त थांबलं की प्राणवायू थांबला, साखर थांबली. ३७ अंशांच्या उबेत पेशी आपली शिल्लक भराभर संपवून टाकते आणि मग मोडायला लागते. तापमान दहा अंशांनी उतरलं की पेशीची ही भूक साधारण निम्मी होते. चार अंशांपर्यंत उतरलं की ती दहाव्या हिश्श्यावर येते. बर्फ अवयवाला झोपवतो म्हणा. पण झोपलेल्यालाही थोडी भूक लागतेच, म्हणून घड्याळ थांबत नाही, नुसतं सावकाश चालतं.

आजोबांना पेव आठवत असेल. दामाजीपंतांच्या कोठारांची गोष्ट सांगणाऱ्या गावाला पेव काय हे मी सांगायला नको. काळ्या रानातली मालदांडी ज्वारी जमिनीखाली उतरवायची, तोंडाला फरशी बसवायची, मातीने लिंपून टाकायचं. आतला दाणा जिवंत असतो, तो श्वास घेतो, आतली हवा संपत जाते आणि किडे गुदमरून मरतात. पेव उघडल्यावर जाणती माणसं लगेच आत उतरत नाहीत. आधी कंदील सोडतात. तो विझला तर आत जीव घेणारी हवा आहे. म्हणजे जिवंत वस्तूचा श्वास मंद करून ती टिकवायची, ही गोष्ट आजोबांनी लहानपणीच पाहिली आहे.

मग ज्वारी वर्षानुवर्षं टिकते आणि हृदय चार तास, असं का? दाणा कोरडा असतो. त्यात पाणी अगदी थोडं, म्हणून तो गाढ झोपू शकतो. हृदय, यकृत, मूत्रपिंड यांच्या वजनाचा तीन चतुर्थांशाच्या आसपास भाग पाणीच असतो. ओल्या वस्तूला गाढ झोप नाही, आणि ती गोठवायला गेलं तर पाण्याचे स्फटिक होतात, त्यांच्या धारेने पेशी फाटतात. घरी करून पाहा. एक पिकला टोमॅटो फ्रीजरमध्ये रात्रभर ठेवा आणि सकाळी बाहेर काढा. बर्फ असेपर्यंत तो दगडासारखा दिसतो. वितळला की हातात नुसती पिळपिळीत साल आणि पाणी. रंग तोच, वासही बराचसा तोच, पण आतली घडण गेलेली. मूत्रपिंडाचं असंच होतं.

वीर्य आणि गर्भ गोठवतात, मग अवयव का नाही, असा प्रश्न तुमच्यासारख्या विद्यार्थिनीला पडेलच. पेशी एकटी किंवा मूठभर असल्या तर त्यांच्यातलं पाणी काढून घेऊन, गोठणरोधक औषध आत शिरवून त्यांना झटकन थंड करता येतं आणि तितक्याच झटकन उबवता येतं. अख्ख्या अवयवात औषध सगळीकडे सारखं पोचत नाही, आणि उबवताना बाहेरचा भाग आधी तापतो, आतला मागे राहतो. तिथे तडे जातात. २०२३ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी उंदरांची मूत्रपिंडं काचेसारखी घट्ट करून १०० दिवसांपर्यंत ठेवली, आत सोडलेल्या लोहाच्या सूक्ष्म कणांच्या साहाय्याने ती एकसारखी उबवली आणि पुन्हा उंदरांत बसवली. ती चालली. माणसाचं मूत्रपिंड कितीतरी मोठं, त्यामुळे हा रस्ता लांबचा आहे, पण मला त्याची फार आशा वाटते.

आता द्रावणाकडे. नुसत्या थंड पाण्यात किंवा साध्या सलाईनमध्ये अवयव ठेवला तर तो फुगतो. प्रत्येक पेशीच्या आवरणात एक पंप असतो. तो सोडियम बाहेर फेकत राहतो आणि पोटॅशियम आत ओढत राहतो. थंडीत हा पंप बंद पडतो. सोडियम आत घुसतं, त्याच्यामागे पाणी येतं, पेशी फुगते. उपाय स्वयंपाकघरातल्यासारखा आहे. कोशिंबिरीला काकडी चोचवली आणि मीठ लावलं की तिला पाणी सुटतं, कारण बाहेरची खारट बाजू पाणी ओढून घेते. अवयवाच्या द्रावणात मिठाऐवजी असे मोठे रेणू घालतात, जे पेशीच्या आत शिरू शकत नाहीत आणि पाणी बाहेरच धरून ठेवतात. अशा काही द्रावणांत पोटॅशियमही भरपूर असतं, म्हणजे बाहेरचं वातावरण पेशीच्या आतल्यासारखंच राहतं. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात फोल्कर्ट बेल्झर आणि जेम्स साउदर्ड यांनी १९८० च्या दशकात असं द्रावण सिद्ध केलं. त्याआधी यकृत जेमतेम सहा-आठ तास धरवत असे. या द्रावणाने शल्यविशारदांना रात्र मिळाली. रात्री काढलेलं यकृत दुसऱ्या गावी नेऊन सकाळी बसवता येऊ लागलं.

तुमचा नेमका प्रश्न तासांचा आहे. तिथे आजोबांच्या ‘काळीज’ या शब्दाने मला जरा थांबवलं. आपण ‘काळजाला घरं पडली’ म्हणतो तेव्हा मनात हृदय असतं, आणि मटणाच्या दुकानात काळीज मागितलं की यकृत मिळतं. म्हणून उत्तरंही दोन. हृदयाचं काळीज असेल तर चार तास, फार तर सहा. यकृताचं असेल तर आठ ते बारा. फुफ्फुसं सहा-आठ तास, मूत्रपिंड एक दिवस, कधी दीड. हृदय इतकं अधीर का? ते जन्मभर एक क्षण न थांबलेला स्नायू आहे, त्याची शिल्लक फार थोडी. आणि बसवल्याबरोबर त्याला कामाला लागावं लागतं. मूत्रपिंडाचं तसं नाही. ते बसवल्यावर चार दिवस सुस्त राहिलं तरी डायलिसिसवर वेळ काढता येतो.

हे घड्याळ सुरू कधी होतं, ते पाहण्यासारखं आहे. शस्त्रक्रियागृहात दात्याच्या महाधमनीत नळी घालतात. चिमटा लावतात, आणि कुणीतरी मोठ्याने वेळ सांगतं, ती लिहून घेतात. त्याच क्षणी थंड द्रावण आत सोडलं जातं, पोटात बर्फाचा चुरा ओततात. लालबुंद अवयव रक्त निघून जाईल तसे फिकट पडत जातात. दुसऱ्या टोकाला, दुसऱ्या गावात, हेच उलटं घडतं. मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्या रुग्णाच्या वाहिन्यांना शिवून झाल्या की चिमटा काढतात. फिकट, थंड, मऊ गोळा डोळ्यांदेखत गुलाबी होतो, हाताला घट्ट लागतो. नशीब असेल तर काही मिनिटांतच त्याच्या नळीच्या टोकाशी लघवीचा थेंब जमतो. तो थेंब पाहायला अख्खी खोली वाकलेली असते.

ही शिवण कुठून आली, तेही सांगतो, सोलापूर जिल्ह्याला ते आवडेल. अलेक्सी कॅरेल हा फ्रान्समधल्या लियाँ शहरातला डॉक्टर. लियाँ म्हणजे रेशमाचं गाव, विणकरांचं आणि भरतकाम करणाऱ्यांचं. कॅरेल तिथल्या एका भरतकाम करणाऱ्या बाईकडे बारीक सुई धरायला शिकला आणि रक्तवाहिनी न फाटता, न गळता कशी जोडायची ते त्याने दाखवलं. १९१२ साली त्याला नोबेल मिळालं. आजचं प्रत्येक प्रत्यारोपण त्या टाक्यावर उभं आहे.

आपल्याकडची पहिली मोठी धडपड मुंबईची. ३ डिसेंबर १९६७ ला दक्षिण आफ्रिकेत केपटाउनला ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी माणसाचं हृदय माणसाला बसवलं, आणि अडीच महिन्यांत, १६ फेब्रुवारी १९६८ रोजी, परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी तेच केलं. त्याआधी त्यांच्या तुकडीने प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं सराव केला होता. नवं हृदय धडधडलं, पण सुमारे तीन तासच. सप्टेंबरमध्ये पुन्हा प्रयत्न झाला, त्यालाही यश आलं नाही. सेनांचे हात कमी पडले नव्हते. शरीराने परका अवयव नाकारू नये यासाठीची चांगली औषधं तेव्हा नव्हती आणि मेंदूचा मृत्यू मानणारा कायदाही नव्हता. माझ्या मते केईएमच्या त्या दिवसाला मराठी शाळांच्या पुस्तकांत जागा मिळायला हवी होती.

कायदा आला १९९४ साली. तो संसदेने करावा असा ठराव करणाऱ्या तीन राज्यांत महाराष्ट्र होता, सोबत गोवा आणि हिमाचल प्रदेश. त्याच वर्षी ३ ऑगस्टला दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. पी. वेणुगोपाल यांनी भारतातलं पहिलं यशस्वी हृदय प्रत्यारोपण केलं. २०२३ पासून हाच दिवस अवयवदान दिन म्हणून पाळतात.

त्या कायद्यातला ‘मेंदूचा मृत्यू’ समजून घेतल्याशिवाय तुमच्या गावाच्या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही. घरी अंथरुणावर माणूस गेला तर त्याचं हृदय आधीच थांबलेलं असतं, आणि अवयव उबेत, रक्तावाचून पडून राहतात. ती वेळ त्यांना सोसत नाही. हृदय, यकृत, मूत्रपिंड यांचं मरणोत्तर दान बहुतेक वेळा एकाच परिस्थितीत होतं. डोक्याला जबर मार लागलेला असतो किंवा मेंदूत रक्तस्राव झालेला असतो, मेंदूचा देठ कायमचा मेलेला असतो, आणि व्हेंटिलेटरमुळे छाती वर-खाली होत असते. हृदय धडधडत राहतं, कारण त्याची ठिणगी त्याच्याच आत असते, मेंदूत नसते. प्राणवायू मिळतोय तोवर ते चालतं. घरच्यांना हात गरम लागतो, आणि डॉक्टर म्हणतात, ते गेले. यापेक्षा अवघड वाक्य दवाखान्यात दुसरं बोललं जात नसेल.

म्हणून त्या वाक्यामागे कायद्याने पक्की तपासणी ठेवली आहे. चार डॉक्टरांचं मंडळ असतं, आणि प्रत्यारोपण करणाऱ्या तुकडीतला कुणी त्यात नसतो. डोळ्यांत उजेड मारून बाहुली हलते का, बुबुळाला कापूस लावल्यावर पापणी मिटते का, कानात बर्फाचं पाणी घातल्यावर डोळे सरकतात का, व्हेंटिलेटर काढून स्वतःहून एक तरी श्वास येतो का, हे पाहतात. सहा तासांनी सगळं पुन्हा करतात. कोमातला माणूस परत येऊ शकतो. इथून कुणी परत येत नाही.

मंगळवेढ्याकडे या. रस्त्यावरच्या अपघातातला गंभीर रुग्ण मंगळवेढ्याहून एरवीही पंढरपूरला किंवा सोलापूरला हलवला जातो. अतिदक्षता विभाग, शस्त्रक्रियागृह आणि सरकारी नोंदणी असलेल्या रुग्णालयात अवयव काढता येतात, मग तिथे प्रत्यारोपण होत नसलं तरी चालतं. कोणता अवयव कुणाला, हे ते रुग्णालय ठरवत नाही. सोलापूर जिल्हा पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या हद्दीत येतो. त्यांच्याकडे प्रतीक्षायादी असते. रक्तगट, तब्येतीची निकड, किती दिवस थांबलाय, अशा गोष्टींवर क्रम लागतो. ओळखीवर आणि पैशावर तो लागत नाही, विकणं-विकत घेणं हा गुन्हा आहे. सोलापूरहून पुणे अडीचशे किलोमीटरच्या आसपास. मूत्रपिंडाला हा रस्ता जड नाही, यकृतालाही जमतो. हृदयाला मात्र तो फार तंग पडतो, कारण चार तासांत टाके घालायचा वेळही धरलेला असतो. टीव्हीवर तुम्ही पाहिलेला मोकळा रस्ता म्हणजे पोलिसांनी त्या चार तासांतून वाचवलेली मिनिटं.

मिनिटं अशीही वाचतात, पण कधी कधी दोन दिवस वाया जातात ते घरात, कारण त्या माणसाच्या मनात काय होतं हे कुणालाच ठाऊक नसतं. अवयवदानाचं कार्ड खिशात असलं, आधारशी जोडलेली ऑनलाइन नोंद असली, तरी त्या वेळी जवळच्या नातेवाइकांची सही लागतेच. २०२३ साली देशात अठरा हजारांहून जास्त प्रत्यारोपणं झाली, पण त्यांतली बरीचशी जिवंत नातेवाइकांनी दिलेल्या अवयवांची. मरणोत्तर दाते अकराशेच्या आसपास. एवढ्या मोठ्या देशात अकराशे. हा आकडा लिहिताना मला दर वेळी हळहळ वाटते.

मावशींचं म्हणणं मी हलकं धरत नाही. देह पूर्ण जावा ही भावना जुनी आहे. अवयव काढल्यावर शरीर नेहमीच्या शस्त्रक्रियेसारखं नीट शिवून देतात, चेहरा तसाच राहतो, अंघोळ, अग्नी, सगळे विधी होतात. पण मंगळवेढ्याच्या माणसाला मी आणखी एक आठवण करून देईन. तुमच्याच गावचं कूस बांधताना ते कोसळलं आणि चोखोबा बाकीच्या मजुरांबरोबर त्याखाली गेले. ढिगाऱ्यातून निघाल्या त्या अस्थी. नामदेवांनी एकेक कानाशी लावली आणि जिच्यातून विठ्ठलनाम आलं ती चोखोबांची म्हणून उचलली, असं परंपरा सांगते. पंढरपूरला महाद्वारापाशी त्यांची समाधी आहे, आणि देह पुरा होता का, हे तिथे डोकं टेकवताना कुणी विचारत नाही. मावशींना हे माझ्याकडून सांगा, वाद घालायला नको, नुसतं सांगा.

राहिल्या आजी. ‘‘माझं काय घेणार आता’’ याचं उत्तर : डोळे. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये डोळ्याच्या आतलं भिंग बदलतात. दानात लागतं ते पुढचं पारदर्शक पटल, घड्याळाच्या काचेसारखं. ते आजींचं शाबूत असू शकतं. ८२ वय, चष्मा, साखर, रक्तदाब, काहीच आड येत नाही. एचआयव्ही, कावीळ ब किंवा क, रेबीज, रक्ताचा कर्करोग, सर्व शरीरात पसरलेला जंतुसंसर्ग असं असेल तर घेत नाहीत. या पटलात रक्तवाहिन्या नसतात, ते प्राणवायू हवेतून, अश्रूंतून घेतं. म्हणून हृदय थांबल्यावरही ते काही तास तग धरतं, म्हणून रक्तगट जुळवावा लागत नाही, आणि म्हणूनच यासाठी व्हेंटिलेटर लागत नाही, पुणं लागत नाही. नेत्रपेढीची माणसं घरी येतात, पंधरा-वीस मिनिटांत काम होतं. मग द्रावणात ते पटल चार दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतं. अट एकच, मृत्यूनंतर सहा तासांच्या आत.

हे सहा तास कसे निसटतात ते मला माहीत आहे. माझ्या वडिलांनी नेत्रदानाचा अर्ज भरला होता. ते मे महिन्यात गेले, भर दुपारी. आम्ही कूलर त्यांच्या बाजूला वळवला, पंखा पाचवर ठेवला, येणाऱ्या-जाणाऱ्यांना फोन करत राहिलो. डोळे अर्धे उघडे होते, ते मिटायचं कुणाला सुचलं नाही. अर्ज सापडला तिसऱ्या दिवशी, बँकेचं पासबुक शोधताना, त्याच प्लास्टिकच्या पिशवीत.

म्हणून आजींशी आजच बोला, त्या चहा पीत बसल्या असतील तेव्हा. त्या हो म्हणाल्या तर जवळच्या नेत्रपेढीचा क्रमांक भिंतीवरच्या कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, आणि घरातल्या दोघा-तिघांना दाखवा. वेळ येईल तेव्हा पटल वाळू नये म्हणून पंखा बंद करायचा. पापण्या मिटवायच्या. स्वच्छ पाण्यात भिजवून पिळलेल्या कापसाच्या घड्या त्यांवर ठेवायच्या, डोक्याखाली उशी द्यायची, आणि पहिला फोन नेत्रपेढीला करायचा. पाहुण्यांना मग.